मुरब्याची तेल खाणारी गाडी

"मिस्त्री, गाडी तेल खाते," असं म्हणत गिऱ्हाईक गॅरेजात शिरलं की मी आधी त्याला खुर्ची देतो आणि चहा सांगतो. डॉक्टरसमोर बसलेला माणूस जशी निम्मी लक्षणं गिळतो, तसंच गाडीवाल्याचं असतं. "ऑइल तर वेळेवर बदलतो," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते मला नमस्कारासारखं वाटतं. चहा पोटात गेला की थोडंथोडं खरं बाहेर यायला लागतं.

बोईसरहून सालवडकडे जाताना रस्त्याला लागून एक निळ्या पत्र्याची शेड दिसते, तेच माझं गॅरेज. माझं होतं, असं म्हणायला हवं. माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिल्यापासून पान्हे रामसजनच्या हातात गेलेत. हा मूळचा जौनपूरकडचा, माझ्याकडे कामाला लागला तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या. आता तो काम करतो आणि मी खुर्चीवर बसून मतं देतो. बायको म्हणते, आधी तरी वेगळं काय करत होता?

संपादकबाईंनी अंकासाठी धंद्यातला एखादा थरारक प्रसंग मागितला, तेव्हा मी त्यांना म्हटलं, बाई, आमच्याकडे थरार फक्त बिल बघताना येतो. त्या हसल्या, पण लिहायचं काही टळलं नाही. तेव्हा माझी जन्मकुंडली न मांडता मला आवडलेलं एक काम सांगतो. एवढंच सांगून ठेवतो की मी मूळचा कऱ्हाडकडचा. तारापूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून आलो, काही वर्षं पंप आणि कॉम्प्रेसर सांभाळले, आणि मग माझ्या लक्षात आलं की मला मशिनीपेक्षा मशिनीचे मालक जास्त आवडतात. कारखान्यात मालक दिसत नाही. गॅरेजात तो समोरच बसलेला असतो, घाबरलेला.

तेल खाणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. इथे तेल म्हणजे इंजिन ऑइल, डिझेल नव्हे. डिझेल जळायलाच जन्माला आलेलं असतं. ऑइलनं मात्र इंजिनच्या पोटात फिरत राहायचं, सगळे सांधे ओले ठेवायचे आणि पुढच्या सर्व्हिसपर्यंत जवळपास तेवढंच उरायचं, असा करार आहे. ते कमी व्हायला लागलं तर एक तर बाहेर गळतंय, नाहीतर आत जळतंय. गळत असेल तर फरशीवर डाग पडतो, तो कुणालाही दिसतो. जळत असेल तर सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि मालकाच्या तोंडचं पाणी पळतं, कारण मग इंजिन खोलण्याची भाषा सुरू होते.

टर्बोच्या गाडीत आणखी एक संशयित वाढतो. टर्बो म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेले दोन पंखे. एक पंखा बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर फिरतो आणि त्याच्याच जोरावर दुसरा पंखा बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. दांडा इतक्या जोरात फिरतो की त्याला सतत ऑइल लागतं. दांड्याची सील गेली की ते ऑइल हवेच्या पाइपात शिरतं आणि इंजिन ते पिऊन टाकतं. म्हणून हवेचा पाइप काढून आत बोट फिरवलं आणि बोट काळं झालं, की बरेच जण तिथल्या तिथे निकाल देतात की टर्बो गेला. पण त्या पाइपात ऑइल यायला दुसऱ्याही वाटा आहेत. माझं घर त्या दुसऱ्या वाटांवरच चाललं, असं म्हटलं तरी चालेल.

वैतरणा स्टेशनच्या बाजूला एक भातगिरणीवाले आहेत. त्यांची गाडी अशीच टर्बो बदलायला म्हणून आली. रामसजननं एअर फिल्टरचा डबा उघडला आणि दोन पावलं मागे सरला. डब्यात पेंढा, कोंडा, कापसाच्या वाती, आणि मध्ये एक उंदरीण बाळंत झालेली. इंजिनाला श्वास घ्यायला जागाच उरली नव्हती. ते नाकातोंडानं ओढत होतं आणि ओढण्याच्या नादात टर्बोच्या दांड्याजवळचं ऑइलही ओढून घेत होतं. आम्ही घरटं अलगद उचलून कुंपणापलीकडे ठेवलं, फिल्टर बदलला, धूर गेला. गिरणीवाले जाताना गंभीरपणे मला म्हणाले, "मिस्त्री, इतके दिवस फुकट राहिली. हिला भाडं लावायला पाहिजे होतं."

आणखी एक साहेब होते, कॉलनीत राहणारे. बायको लोकलनं यायची तेव्हा ते स्टेशनबाहेर एसी लावून, इंजिन चालू ठेवून पेपर वाचत बसायचे. अग्रलेखासकट सगळा पेपर. गाडी जागेवर नुसती पुटपुटत उभी राहिली की टर्बोला जोर मिळत नाही आणि सीलपाशी ऑइल झिरपतं. मी त्यांना म्हटलं, साहेब, पेपर बाकावर बसून वाचा. ते म्हणाले, बाकावर लोक बातम्या विचारतात. पण ऐकलं त्यांनी.

सांगायचा मुद्दा असा की, इंजिन खोलण्याआधी माणूस खोलावा लागतो, हे मला माहीत होतं. तरी मुरब्याच्या गाडीनं मला चांगलंच फिरवलं.

मुरबे हे खाडीच्या तोंडावरचं मासेमारीचं गाव. तिथला नितीन एका सकाळी आला. तिशीचा असेल, इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा मात्र उपाशी माणसाचा. गाडी सात माणसांची, टर्बो डिझेल, जुनी घेतलेली पण नीटनेटकी. काच इतकी पुसलेली की मी आधी ती उघडी आहे असंच समजलो. आरशाला जास्वंदीचं ताजं फूल. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे साहेब लोक बोईसर स्टेशनवरून उचलायचे आणि संध्याकाळी परत सोडायचे, असं त्याचं काम होतं. पण गाडी निळा धूर टाकायला लागली होती. कारखान्याच्या गेटवर बोलणी खावी लागली, आणि तिथल्या गाड्यांचा कारभार बघणाऱ्या माणसानं सांगून टाकलं की महिनाअखेरपर्यंत धूर बंद कर, नाहीतर दुसरी गाडी लावतो.

दोन गॅरेजांचं मत तो आधीच घेऊन आला होता. एकानं टर्बो सांगितला होता, दुसऱ्यानं पूर्ण इंजिनकाम. इंजिनकाम म्हणजे गाडी कितीतरी दिवस उभी, आणि तोवर काम गेलं. खुर्ची दिली, चहा आला, तरी तो पेला हातात धरून नुसता बसला.

"काका," तो शेवटी म्हणाला, "बाबांनी बोट विकून ही गाडी घेतलीय. मी समुद्रावर जायला नको म्हणालो म्हणून. ही पण बसली तर त्यांना काय सांगू?"

त्याचे वडील, धर्माकाका, माझ्या तोंडओळखीचे; आयुष्यभर घरच्या बोटीवर इंजिनाचे ड्रायव्हर. मासळी कमी होत गेली, पोराचं मन जमिनीवर, तेव्हा म्हाताऱ्यानं बोट दुसऱ्याला दिली आणि गाडीच्या किल्ल्या पोराच्या हातात ठेवल्या. हे ऐकल्यावर मला ती काच एवढी का चकचकीत होती ते कळलं. आणि खरं सांगतो, मला थोडी भीतीही वाटली. एखादी गाडी बिघडली तर दुसरी येते. इथे गाडीच्या आत एक बोट होती.

काडी काढली. इंजिनात ऑइल किती आहे ते बघायची एक लांब पट्टी असते, तिला आम्ही काडी म्हणतो. तिच्यावर दोन खुणा असतात, वरची आणि खालची. ऑइल दोन्हींच्या मध्ये असावं. तेल खाणाऱ्या गाडीची काडी कोरडी असायला हवी. हिची वरच्या खुणेच्याही वर, चांगली बोटभर ओली.

"अरे, हे तर जास्त आहे!"

"सकाळीच टाकलंय, काका. रोज टाकावं लागतं. रोज सकाळी खाली गेलेलं असतं."

डिझेलच्या गाडीत कधीकधी डिझेल गळून ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल वाढल्यासारखं दिसतं. म्हणून काडी नाकाला लावली. माझे गुडघे गेलेत, पण नाक शाबूत आहे. डिझेलचा वास नव्हता. हवेचा पाइप काढला तर आत ऑइल होतं, पण टर्बोचा दांडा बोटांनी हलवून पाहिला तर तो लग्नातल्या भटजीसारखा आपल्या जागी घट्ट. इंजिनाचा दाबही चांगला निघाला. टर्बो गेलेला नाही, इंजिन झिजलेलं नाही, गळती नाही, आणि तरी धूर आहे. रामसजननं कपाळ चोळलं.

अशा वेळी माझा एक जुना उपाय आहे, आणि त्याचा त्रास बायकोला होतो. जास्तीचं ऑइल काढून बरोबर खुणेवर आणायचं, पाइप धुऊन कोरडे करायचे, आणि ऑइल भरायच्या झाकणावर नेलपॉलिशचा एक ठिपका लावायचा, अर्धा झाकणावर आणि अर्धा इंजिनावर. झाकण फिरलं की ठिपक्याला तडा जातो. मग गाडीनं किती खाल्लं त्याचा हिशोब पक्का मिळतो, मध्ये कुणी हात घातला नाही याची खात्री राहते. बायकोच्या लाल बाटल्या अशाच संपत आल्यात. तिच्या बोटांपेक्षा बोईसरमधल्या इंजिनांची नखं जास्त रंगली, असं ती शेजारणींना सांगते.

"आठवडाभर झाकण उघडायचं नाही," मी नितीनला बजावलं. "काडी खाली दिसली तरी नाही. ऑइलचा दिवा लागला तर जागेवर थांब आणि मला फोन कर."

आठवड्यानं गाडी परत आली. नितीनचा चेहरा आणखी उतरलेला, धूर तसाच. झाकण बघितलं तर ठिपक्याला सरळ तडा. काडी काढली, ऑइल पुन्हा वरच्या खुणेच्या वर. पाइप पुन्हा आतून ओले.

रामसजननं काडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडून म्हणाला, "उस्ताद, ये तो पेट से है."

मी हसलो नाही, कारण मला राग आला होता. "झाकण कुणी उघडलं?"

"मी नाही, काका. गावदेवीची आण. मी फक्त चालवतो."

त्याचा आवाज ऐकून मला कळलं की पोरगा खोटं बोलत नाही. मग मी आवाज खाली आणून विचारलं, "सकाळी तुझ्याआधी गाडीला कोण हात लावतं?"

"बाबा पुसतात. फूल लावतात. बोटीला लावायचे तसंच." एवढं बोलून तो थांबला. मग त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी त्यांना सांगितलं होतं. हात जोडून सांगितलं होतं, आठवडाभर तेल टाकू नका. हो म्हणाले होते! आज घरी जातो आणि..."

"आज घरी जाऊन जेवायचं आणि झोपायचं," मी म्हटलं. "ऑइल आहे तेवढंच ठेवू. त्यांना एक शब्द बोलायचा नाही. उद्या सकाळी मी येतो."

हे मी का म्हटलं, ते तेव्हा मला धड सांगता आलं नसतं. म्हातारा रोज ऑइल ओततो, एवढं तर कळलं होतं. पण जन्मभर इंजिन सांभाळलेला माणूस भरलेल्या इंजिनात पुन्हा ऑइल कशाला ओतेल, हे काही कळेना. आणि बापलेकांत एकदा वाकडे शब्द गेले की ते कुठल्याच पान्ह्यानं सरळ होत नाहीत, हे मला ठाऊक आहे. माझे वडील आणि मी, जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता स्कूटर घेऊन मुरब्याला गेलो. गल्लीत सुक्या मासळीचा वास, खाडीकडून गार वारा. ओहोटीची वेळ होती. बोटी चिखलात एका कुशीवर कलंडून पडल्या होत्या. नितीनचं घर उंच ओट्याचं, आणि गल्लीतून ओट्यापर्यंत सिमेंटचा तिरका उतार केलेला. त्या उतारावर गाडी उभी, तोंड घराकडे वर, पाठ गल्लीकडे खाली. बॉनेट उघडं.

धर्माकाका कमरेला रुमाल आणि अंगात बनियन घालून वाकलेले होते. जवळ बादली, फडकं आणि पेल्यात जास्वंद. मी गल्लीच्या तोंडाशी थांबून बघत राहिलो. त्यांनी काडी काढली, स्वच्छ फडक्यानं पुसली, परत घातली, काढली, डोळ्यांजवळ नेली. मग मान हलवली. एकदा घराच्या दाराकडे बघितलं आणि पाण्याच्या पिंपामागून ऑइलचा डबा काढला. त्यांचं ते ओतणं बघण्यासारखं होतं, एक थेंब बाहेर नाही. झाकण लावून वळले आणि मी दिसलो.

"मिस्त्री? तुमी इतक्या सकाली?"

"मासळी बघायला आलो होतो."

"ओहोटीला कुटची मासली?" ते म्हणाले, पण त्यांचा हात डब्याला पाठीमागे दडवायला बघत होता. मग त्यांनी तो प्रयत्न सोडला आणि जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "पोऱ्याला सांगू नका. त्यानं नको म्हनून सांगितलंय. पन काडी खाली हाय. मी काय खोटं बोलतो? तुमीच बगा. मगाशी तर पार खालच्या खुनेला होती."

मी बघितलं. त्यांनी ओतल्यावरही ऑइल जेमतेम मधोमध होतं. काल संध्याकाळी माझ्या फरशीवर हीच काडी वरच्या खुणेच्या बोटभर वर होती. रातोरात एवढं ऑइल कुठलीच गाडी खात नाही, आणि तीही उभ्या उभ्या.

तेव्हा माझी नजर खाली गेली. पुढची चाकं वर, मागची खाली. या इंजिनाची काडी पुढच्या बाजूला आहे. उतारावर गाडी उभी केली की पोटातलं ऑइल मागे सरकतं आणि पुढच्या काडीला ते कमी दिसतं. म्हातारा रोज सकाळी अगदी खरं बघत होता, आणि जे दिसत होतं ते खोटं होतं.

एका वाक्यात सांगून मोकळा झालो असतो. पण दारात नितीन येऊन उभा राहिला होता, तोंड घट्ट मिटून. धर्माकाकांची त्याच्याकडे पाठ होती. मी आता त्यांना सांगितलं असतं की काका, तुमच्यामुळे धूर येतोय, तर ते पोरासमोर उभ्या जागी खचले असते. मला ते नको होतं. म्हणून मी ओट्याच्या पायरीवर बसलो आणि म्हटलं, "काका, एवढी काळजी कशासाठी? दिवा लागतो की गाडीत."

"दिवा?" ते माझ्याकडे असे बघायला लागले की मला वाटलं, मी देवाला नावं ठेवली. "मिस्त्री, मी डायवर होतो. तरना होतो तवाची गोष्ट. येकदा घाईत निगालो आनि काडी बगायची रायली. किनारा दिसंनासा झाला नि इंजिन धरलं. आतल्या आत घट्ट. दुसरी बोट येयपरत आमी पान्यावर नुसते फिरत रायलो. माजी आय सकालपासून किनाऱ्यावर उबी होती. जेवली नाय, बसली नाय."

"वडील काय म्हणाले?"

"बापूस काय पन नाय बोलला. मी वाट बगत होतो, आता मारील, मग मारील. नवीन इंजिन बसलं तवा त्यानं काडी काढली, पुसली आनि माज्या हातात दिली. बस. तवापासून माज्या हातातून काडी न बगता इंजिन कदी सुटलं नाय. आता पोऱ्या रोज जातो. लोकं घेऊन जातो. मी कसा सोडू त्याला?"

दारातल्या नितीनचं मिटलेलं तोंड जरा सैल झालेलं मी पाहिलं. ही गोष्ट त्यानं पहिल्यांदाच ऐकली असावी.

"मग बोटीत काडी बघायची काही खास रीत होती का?" मी विचारलं. "आम्ही आपले जमिनीवरचे लोक."

म्हातारा खुलला. शिकवायला मिळालं की कुठलाही कारागीर खुलतो, माझं मी बघतोच. "हाय ना! ओहोटीला कदी बगायची नाय. ओहोटीला बोट चिखलात बसते, कलती होते. तेल सगलं येका अंगाला जातं. काडीला कमी दिसतं. नवखा मानूस फसतो नि वर आनकी ओततो. मग भरती आली, बोट सरल झाली, की इंजिन तेल वकतं. म्हनून भरती येव द्यायची, बोट उचलू द्यायची, आनि मग बोट सरल..."

तिथे ते थांबले. हात हवेतच राहिला, बोट कशी सरळ होते ते दाखवणारा. त्यांनी आधी खाडीकडे पाहिलं, मग गाडीच्या पुढच्या चाकांकडे, मग मागच्या. खाली बसले आणि सिमेंटच्या उतारावर तळवा टेकवला.

"ह्यो उतार गनपतीनंतर केला," ते स्वतःशीच म्हणाले. "भरतीचं पानी गल्लीत येतं, गाडीला लागतं, म्हनून. आदी देवलापुढं लावायचो. सपाटीवर."

"आणि धूर कधीपासून?"

त्यांनी तळवा उताराच्या खालच्या टोकाकडे सरकवत नेला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मिस्त्री, गाडी ओहोटीला हाय."

नितीन खाली आला. त्यानं गाडी चालू केली, उतारावरून मागे घेतली आणि देवळापुढच्या सपाट जागेवर नेऊन बंद केली. ऑइल खाली बसायला वेळ द्यावा लागतो. तेवढ्यात घरातून चहा आला, तो आम्ही तिघांनी देवळाच्या कट्ट्यावर प्यायला. मग धर्माकाकांनी स्वतः काडी काढली. ऑइल दोन्ही खुणा ओलांडून वर चढलेलं, टोकावरून एक थेंब त्यांच्या पायावर पडला.

पुढचं सगळं सरळ होतं. पोटात गरजेपेक्षा जास्त ऑइल झालं की फिरणारे भाग त्यात बुडतात आणि ताकासारखं घुसळतात. फेस होतो, तो इंजिनाच्या श्वासाच्या नळीतून हवेच्या पाइपात जातो आणि जळतो. धूर येतो, ऑइल संपतं, डबा रिकामा होतो, आणि सगळ्यांची खात्री पटते की गाडी तेल खाते. ती बिचारी खात नव्हती, तिला रोज भरवलं जात होतं. हे मी शक्य तितक्या हलक्या शब्दांत सांगितलं, आणि इंजिन व टर्बो दोन्ही ठणठणीत आहेत हे दोनदा सांगितलं. पण म्हाताऱ्यानं त्यातलं फक्त एकच ऐकलं.

"म्हंजे मीच," ते म्हणाले. काडी हातात तशीच. "बोट दिली मी, नि गाडीचीबी माती मीच करीत होतो. पोऱ्याचं काम जानार होतं माज्यामुलं." त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यांच्याकडे फडकंसुद्धा नव्हतं, ते गाडीवर राहिलं होतं.

मला वाटलं, आता नितीन काहीतरी बोलणार. काल संध्याकाळी त्याच्या तोंडात तयार असलेलं सगळं मला माहीत होतं. त्यानं पुढे होऊन बापाच्या हातातली काडी घेतली. गाडीवरचं फडकं घेतलं, काडी वरपासून खालपर्यंत स्वच्छ पुसली, आणि परत बापाच्या हातात दिली.

"उद्यापासून इथे आणून बघू, बाबा," तो म्हणाला. "मी गाडी आणीन. बघायची तुम्हीच."

मी उठलो आणि उगाच स्कूटरची चावी शोधायला लागलो. चावी खिशातच होती. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, डोळे का लाल? मी म्हटलं, खाडीचा वारा. ती म्हणाली, खाडीचा वारा कऱ्हाडच्या माणसाला बरोबर शोधून काढतो.

धूर गेला. जास्तीचं ऑइल काढलं, पाइप धुतले, थोडे दिवस राहिलेलं जळून गेलं आणि सायलेन्सर साफ झाला. महिनाअखेरीआधी नितीन गाडी घेऊन त्या कारखान्याच्या गेटवर गेला, पहारेकऱ्यानं मागे जाऊन वास घेतला आणि हात हलवला. काम टिकलं. माझ्या हाताला एवढंच लागलं की तेव्हापासून तेल खाणारी गाडी आली की माझा पहिला प्रश्न बदललाय. ऑइल कधी बदललं, हे मी विचारतच नाही. गाडी रात्री कुठे झोपते, ते विचारतो. हा प्रश्न इतक्या वर्षांत मला आधी का सुचला नाही, याची थोडी हळहळ वाटते. पण मी पडलो जमिनीवरचा माणूस. गाडीलाही ओहोटी असते, हे मला कोण सांगणार?

पुढच्या सर्व्हिसला गाडी आली, तेव्हा शेजारच्या सीटवर धर्माकाका होते. धुवट पांढरा सदरा, हातात कागदात बांधलेले सुके बोंबील. मी बॉनेट उघडलं आणि थबकलो. ऑइलच्या झाकणावर नेलपॉलिशचा ठिपका होता, अर्धा झाकणावर, अर्धा इंजिनावर. पण तो लाल नव्हता, जांभळा होता.

"नातीची बाटली," काका म्हणाले. "मीच लावलाय. बगा, तडा नाय."

"काका, हात शिवशिवत नाही?"

"शिवशिवतो तर! रोज. म्हनून तर लावलाय."

जुनं ऑइल काढलं. आता झाकण उघडून नवं भरायचं होतं. रामसजननं पान्हा ठेवून हात पुढे केला, पण मी त्याला थांबवलं. तो ठिपका आमच्यापैकी कुणी मोडणं मला बरं वाटेना. मी डबा धर्माकाकांच्या हातात दिला.

त्यांनी नखानं ठिपका खरवडला, झाकण फिरवलं आणि माझ्या सपाट फरशीवर उभ्या गाडीत ऑइल ओतायला लागले, एक थेंब बाहेर न सांडता. थोडं ओतायचं, थांबायचं, काडी पुसून बघायची, पुन्हा थोडं. नितीन बाजूला उभा होता. वरच्या खुणेला थोडंसं कमी असताना त्यांनी डबा सरळ केला. डब्यात ऑइल अजून होतं. त्यांनी क्षणभर डब्याकडे पाहिलं, मग पोराकडे.

"बस," म्हणाले, आणि झाकण लावलं.